चाळीस हर्ट्झ आणि खालच्या वहिनींचं कपाट

काटेबाईंच्या तक्त्याला सुरुवातीला सहाच रकाने होते. पेटीचा प्रकार, वजन, पडद्याचा व्यास, किती खालचा सूर वाजतो, किती मोठ्याने वाजतो आणि शेरा. दुसऱ्या आठवड्यात रकाने चौदा झाले. चौदावा कागदावर मावेना, म्हणून बाईंनी मागून दुसरा कागद डिंकाने चिकटवला आणि तो वाळेपर्यंत जेवणाच्या टेबलाकडे कुणाला फिरकू दिलं नाही.

"अहो, तो कप उचला," त्या नवऱ्याला म्हणाल्या. "तुम्ही 'थांबायला लागणारा वेळ' या रकान्यावर ठेवलाय."

"कुणाला थांबायला?"

"सबवूफरला."

नवरा शाळेत भूगोल शिकवायचा. डोंगर, नद्या, खाड्या अशा आपापल्या जागी राहणाऱ्या गोष्टींशी त्याचा संबंध. त्याने कप उचलला, तो कुठे ठेवावा हे न कळल्यामुळे हातातच धरला आणि उभ्यानेच चहा संपवला.

सबवूफर म्हणजे फक्त खालचा आवाज वाजवणारी पेटी. ढगांचा गडगडाट, लांबचा स्फोट, बोटीचं इंजिन, असलं काही. तिला शब्द बोलता येत नाहीत, ती नुसती घुमते. माणसांतही असे नमुने असतात, पण त्यांच्यासाठी बाईंनी रकाने आखलेले नव्हते.

काटेबाई हे अर्थातच त्यांचं खरं नाव नव्हे. त्या मापयंत्रं तपासण्याच्या सरकारी प्रयोगशाळेत होत्या. एकदा कोपऱ्यावरच्या वाण्याचा काटा अकरा ग्रॅम चुकतो हे त्यांनी चार गिऱ्हाइकांसमोर त्याला सांगितलं. यात विशेष काही नाही. विशेष हे, की तो काटा गिऱ्हाइकाच्या बाजूने चुकत होता. वाण्याने त्याच दिवशी काटा दुरुस्त करून घेतला, आणि सगळ्या इमारतीला पिशवीमागे अकरा ग्रॅम माल कमी मिळू लागला. तेव्हापासून हे नाव पडलं. ते कौतुकाने पडलंय असा बाईंचा पहिली दोन वर्षं समज होता.

आता मुळात ही पेटी कशासाठी? तर बाबांसाठी. म्हणजे बाईंच्या वडिलांसाठी. बाबा मालवाहू बोटींच्या इंजिनखोलीत चौतीस वर्षं होते. त्या खोलीने त्यांना पेन्शन दिली आणि कान काढून घेतले. वरचे सूर आधी गेले, मग बोलण्यातली धारदार अक्षरं गेली, मग संपूर्ण वाक्यं. कानात घालायचं यंत्र आणलं होतं, पण ते टेबलाच्या खणात पडून होतं. "त्यात कपबशासुद्धा किंचाळतात," असं बाबांचं म्हणणं. चहा हवा का विचारलं तरी ते "हो हो" म्हणत आणि खिडकी लावू का विचारलं तरी "हो हो." आठ महिन्यांपूर्वी एकदा सगळे हसले, बाबा अर्ध्या मिनिटाने हसले, आणि मग त्यांनी सगळ्यांचे चेहरे पाहिले. त्या दिवसापासून हॉलमधल्या त्यांच्या खुर्चीवर ते बसले नाहीत. आपल्या खोलीत बसायचे, पलंगावर, भिंतीकडे तोंड करून.

आणि महिन्याभरापूर्वी त्यांनी एक फॉर्म आणून जेवणाच्या टेबलावर ठेवला. निवृत्त खलाशांच्या विश्रामगृहाचा. जाड, पिवळसर कागद, चार पानं.

"तिथं सगळेच बहिरे आहेत," बाबा म्हणाले. "कुणाला मोठ्यानं बोलावं लागत नाही. तुझी सही लागते खाली, जवळच्या नातेवाइकाची. पुढच्या महिनाअखेरपर्यंत द्यायचाय."

"वाचून सही करते," बाई म्हणाल्या. न वाचता सही करणं त्यांच्या कामात बसत नव्हतं, त्यामुळे हे कारण कुणालाही पटलं असतं. चार पानांचा फॉर्म त्या पंचवीस दिवस वाचत होत्या.

"नका जाऊ" असं मोठ्याने ओरडून सांगणं त्यांना जमेना. एकतर ते वाक्यच अवघड, त्यात ते तीनदा म्हणावं लागणार, आणि तिसऱ्यांदा खालच्या मजल्यावरून कुणीतरी "काय झालं हो?" विचारणार. म्हणून बाईंनी त्यांना जमण्यासारखं केलं. तक्ता आखला. बाबा एकदा बोलून गेले होते, "बोटीवर मी इंजिन कानांनी कधी ऐकलंच नाही, तळपायांनी ऐकायचो." वरचे सूर गेले असतील, पण खालचे शिल्लक होते, आणि कान कमी पडले तर तळपाय होते. चांगली घुमणारी पेटी हॉलमध्ये आली, तिच्यावर बाबांचे आवडते समुद्रावरच्या लढायांचे सिनेमे लागले, की बाबा आपोआप खुर्चीत परत येतील. गृहीतक सोपं होतं. बाईंची सोपी गृहीतकं नेहमीच चौदा रकान्यांपर्यंत जायची.

दुकानदार भला माणूस होता. पहिल्या भेटीत त्याने बाईंना खुर्ची दिली, दुसऱ्या भेटीत पाणी दिलं, तिसऱ्या भेटीत तो मागच्या दाराने निघून जाताना सापडला.

"ताई, यात तीनच प्रकार आहेत हो," तो परत येत म्हणाला. "बंद पेटी, भोकाची पेटी, आणि खाली तोंड असलेली. तुम्हाला कुठली देऊ?"

"बंद पेटीतली हवा पडद्याला मागून स्प्रिंगसारखी धरते ना?"

"...धरत असेल."

"आणि भोकाच्या पेटीतली नळी म्हणजे बाटलीच्या तोंडावर फुंकर मारल्यावर घुमतं तसं. म्हणजे ठरावीक सुराला ती जोरात घुमणार आणि त्याखाली एकदम गप्प होणार. तो ठरावीक सूर कितीचा आहे?"

दुकानदाराने डोक्याचा घाम पुसला. "ताई, असं करा. तिन्ही घरी घेऊन जा. एकेक आठवडा ठेवा. मी स्वतः आणून सोडतो." तो खरंच आणून सोडायला आला, आणि पेट्या दाराशी ठेवून, कुणी काही विचारायच्या आत, जिन्याने खाली पळाला. लिफ्ट वर येत होती तरी.

बातमी इमारतीत पसरली. सल्ले येऊ लागले. इमारतीचे सेक्रेटरी निवृत्त टपाल अधिकारी होते, त्यांना सगळ्याच बाबतीत मोठ्या वस्तूची ओढ. "मोठी घ्या. त्याहून मोठी असेल तर ती घ्या. परत परत घेणं होत नाही." बाईंच्या बरोबर खाली राहणाऱ्या वहिनींचा भोकाच्या पेटीला पाठिंबा होता. "बंद पेटीत आवाजाचा जीव गुदमरत असेल हो. भोक पाहिजेच. श्वास घ्यायला नको?" पुढे जे घडलं ते पाहता या सल्ल्याची लेखी नोंद ठेवायला हवी होती असं बाईंना राहून राहून वाटलं. प्रयोगशाळेतल्या साहेबांनी तक्ता दोनदा वाचला आणि एकच प्रश्न विचारला, "बाबांना कुठली आवडेल हा रकाना कुठाय?" बाई म्हणाल्या, "तो शेवटचा असतो, सर."

पहिला आठवडा बंद पेटीचा. पेटी सभ्य होती. 'वाज' म्हटलं की वाजायची, 'थांब' म्हटलं की थांबायची. बाईंना ती स्वभावाने फार आवडली. त्यांनी बाबांना हाताला धरून खुर्चीत आणून बसवलं. ही खुर्ची त्यांनी आदल्या दिवशी टेप लावून खोलीच्या अगदी मध्यावर ठेवली होती, समोरासमोरच्या भिंतींपासून सारखी, मिलिमीटरपर्यंत. सिनेमा लागला. पडद्यावर बोट निघाली. नवऱ्याच्या हातातल्या बशीत चमचा थरथरला.

"बाबा, जाणवतंय?" बाई ओरडल्या.

"हो हो," बाबा म्हणाले, आणि पाच मिनिटांनी उठून खोलीत गेले.

मग त्या खुर्चीत बाई स्वतः बसल्या. काही जाणवत नव्हतं. काहीच नाही. भिंतीशी इंजिन धडधडत होतं आणि खोलीच्या मध्यावर नुसती शांतता. त्यांनी पेन्सिल घेतली. खोली चार मीटर तीस लांब. इंजिनाचा सूर चाळीस हर्ट्झचा, म्हणजे सेकंदाला चाळीस कंपनांचा; त्याची साडेआठ मीटरची लाट अशा खोलीत दोन्ही भिंतींशी उभी राहते आणि बरोबर मध्यावर शून्य होते. हे त्या दरवर्षी नव्या उमेदवारांना फळ्यावर काढून दाखवत. आणि अख्ख्या घरात जिथे आवाज औषधालाही सापडणार नाही अशी एकमेव जागा शोधून, टेप लावून, तिथे त्यांनी वडिलांना बसवलं होतं. एखाद्या अडाण्याने खुर्ची कुठेही टाकली असती, तर बाबांना ऐकू आलं असतं.

"एवढं अचूक चुकायलाही शिक्षण लागतं," नवरा म्हणाला. तो सांत्वन करत होता.

दुसरा आठवडा भोकाच्या पेटीचा. ही उत्साही निघाली. बोट थांबल्यावरही तिचं इंजिन थोडा वेळ चालू राहायचं. भाषण संपल्यावर माईक न सोडणाऱ्या पाहुण्यांसारखं. शिवाय जोरात वाजली की भोकातून वाऱ्याचा झोत यायचा. पहिल्या स्फोटाला पडदा हलला, दुसऱ्याला नवऱ्याच्या दहावीच्या उत्तरपत्रिका उडाल्या, आणि तिसऱ्याला विश्रामगृहाचा फॉर्म, जो बाईंनी पुन्हा एकदा वाचण्यासाठी बाजूच्या स्टुलावर ठेवला होता, तो उडून भिंतीतल्या मोठ्या कपाटाखाली गेला.

बाईंनी उत्तरपत्रिका एकूण एक मोजून गोळा केल्या. फॉर्मसाठी त्यांनी कपाटाखाली वाकून पाहिलं. म्हणजे वाकल्या. पाहिलं असं म्हणता येणार नाही, कारण डोळे मिटलेले होते. "दिसत नाही," त्या उठत म्हणाल्या. आयुष्यात पहिल्यांदाच त्यांनी एक निरीक्षण खोटं नोंदवलं आणि त्यांना ते इतकं सहज जमलं, की बाकीच्या वीस वर्षांच्या नोंदींबद्दल क्षणभर त्यांनाच शंका आली.

तिसऱ्या आठवड्यात आली खाली तोंडाची पेटी. नवऱ्याने तिचं नाव ठेवलं खालमुंड्या. हिचा पडदा जमिनीकडे. वरून पाहिलं तर शोभेचं स्टूल, आणि मनातलं सगळं ती फरशीला सांगणार. तळपायांनी ऐकणाऱ्या माणसाला हीच योग्य, असं तक्ता ओरडून सांगत होता. फरशीच्या खाली कुणीतरी राहतं, हा रकाना तक्त्यात नव्हता.

या वेळी बाईंनी जागेबाबत चूक करायची नाही असं ठरवलं. पेटी कुठे ठेवावी हे शोधण्याची एक जुनी, खात्रीची रीत आहे. पेटी माणसाच्या जागी, म्हणजे खुर्चीत, ठेवायची. एकच खालचा सूर लावून ठेवायचा. आणि माणसाने पेटीच्या जागी जायचं, म्हणजे जमिनीवर रांगत भिंतीभिंतीने फिरायचं, कान पेटीच्या उंचीवर ठेवून. जिथे सूर सगळ्यात भरदार लागेल तिथे पेटी ठेवायची. शास्त्रीयदृष्ट्या यात हसण्यासारखं काहीही नाही.

रविवारी सकाळी पेटी बाबांच्या खुर्चीत, उशीवर, नीट बसवली गेली. सूर सुरू झाला. बाई वही दातांत धरून रांगू लागल्या. नवरा कचऱ्याची बादली घेऊन खाली गेला आणि दार उघडं ठेवून गेला.

कोपऱ्यातून वळून त्या खिडकीखाली आल्या तेव्हा त्यांना चार पाय दिसले. दोन चपलांतले, दोन सपातांतले.

"काटेबाई," सेक्रेटरी वरून म्हणाले, "काय हरवलंय?"

बाईंनी दातांतली वही काढली. अशा वेळी माणसाने कानातलं म्हणावं, किल्ली म्हणावं, काहीही म्हणावं. पण वीस वर्षांची सवय.

"चाळीस हर्ट्झ," त्या म्हणाल्या.

सेक्रेटरी मदतीला तत्पर माणूस. ते लगेच गुडघ्यांवर बसले. "किती मोठं असतं?"

"साधारण साडेआठ मीटर."

"मग सापडेल की," सेक्रेटरी म्हणाले आणि सोफ्याखाली डोकावले. बाईंना त्यांना समजावून सांगावं लागलं. समजावलेलं त्यांना पटलंही. इतकं पटलं, की दोघं दोन भिंतींनी रांगू लागले, आणि थोड्या वेळाने पुस्तकांच्या रॅकपाशी सेक्रेटरी ओरडले, "बाई, इथं! इथं फार आहे! माझी कवळी हलतेय!"

"अहो सेक्रेटरी," खालच्या वहिनी दारातून म्हणाल्या. सपाता त्यांच्या होत्या. "आपण तक्रार करायला आलोय ना?"

"हो, पण आधी सापडू दे."

"माझं काचेचं कपाट तीन दिवस झाले दात वाजवतंय! मला वाटलं भूकंप. मी बॅग भरून ठेवलीय जिन्यात!"

तेवढ्यात आतल्या खोलीचं दार उघडलं. बाबा दारात उभे होते. खुर्चीत उशीवर बसलेली पेटी, तिच्यासमोर जमिनीवर हातापायांवर असलेली आपली मुलगी, रॅकमध्ये डोकं घातलेले सेक्रेटरी, कमरेवर हात ठेवलेल्या वहिनी. बाबांनी हे सगळं शांतपणे पाहिलं. मग, आपण चुकून दुसऱ्याच्या खोलीत शिरल्यावर लावतो तसं, हळूच दार लावून घेतलं.

बाई तशाच जमिनीवर बसून राहिल्या. खुर्ची बाबांची, आणि तीत पेटी. बाबा आठ महिन्यांनी स्वतःहून बाहेर आले, तर त्यांना बसायला जागा नव्हती.

वहिनींची तक्रार इमारतीच्या तक्रार-पुस्तिकेत गेली. सेक्रेटरींना फार वाईट वाटलं, पण पुस्तिकेत नोंद झाली की तिची एक प्रत नगरपालिकेच्या आवाज-नियंत्रण कचेरीत जाते, असा नियम होता, आणि तो टपालात चाळीस वर्षं काढलेल्या माणसाने मोडणं शक्य नव्हतं. "मी तुमच्या बाजूनं शेरा लिहिलाय," ते म्हणाले. "'बाई मनाने चांगल्या आहेत.'"

बुधवारी दुपारी निरीक्षक आला. हसतमुख, घाईतला, काखेत एक काळी पेटी. मोजणी वहिनींच्या घरी व्हायची होती. वर नवरा सूर लावून बसला होता, खाली वहिनींच्या हॉलमध्ये बाई, सेक्रेटरी आणि वहिनी रांगेने उभे. काचेच्या कपाटात कपबशा, बाहुल्या आणि कुणालातरी मिळालेले तीन चषक किणकिणत होते. निरीक्षकाने आवाज मोजायचं यंत्र काढलं. त्यावर बाईंच्या प्रयोगशाळेचा हिरवा कागद चिकटवलेला. खाली तपासणाऱ्याची सही. बाईंची.

"अरे वा," निरीक्षक म्हणाला, "तुम्हीच का त्या! मग शंकाच नाही." त्याने यंत्र धरलं, आकडा पाहिला आणि पेनाचं टोपण काढलं. "मर्यादेच्या आत आहे. तक्रारीत तथ्य नाही. सही करा कुणीतरी."

वहिनींचा चेहरा पडला. सेक्रेटरींनी बाईंकडे बघून डोळे मिचकावले. सुटल्या होत्या बाई. पेटी राहणार होती, बाबांची जागा परत आखता येणार होती, महिना संपायला अजून तीन दिवस होते. आता फक्त गप्प उभं राहायचं होतं. एवढं साधं काम.

"खटका ए वर आहे," बाई म्हणाल्या.

"काय?"

"यंत्राचा खटका. ए वर ठेवला की यंत्र माणसाच्या कानासारखं ऐकतं, खालच्या सुरांना जवळजवळ बहिरं होतं. या आवाजासाठी तो सी वर पाहिजे."

निरीक्षकाने त्यांच्याकडे, मग खटक्याकडे, मग पुन्हा त्यांच्याकडे पाहिलं. "बाई, पेटी तुमचीच आहे ना?"

"हो."

"तक्रार तुमच्याविरुद्धच आहे ना?"

"हो. पण आकडा चुकीचा आहे."

खटका सी वर गेला. आकडा टुणकन वर उडाला आणि तिथेच बसला. निरीक्षकाने सुस्कारा सोडून तो शाईने लिहिला. बाईंना एकीकडे कान गरम झाल्यासारखे वाटत होते, आणि दुसरीकडे, खोटं कशाला सांगा, यंत्र इतकं बरोबर दाखवतंय याचा किंचित अभिमानही वाटत होता. माणसाच्या डोक्यात दोन गोष्टी एकाच वेळी किती सुखाने राहू शकतात! मग त्यांना पिवळसर फॉर्म आठवला आणि अभिमान गेला.

तेव्हाच जिन्यात पावलं वाजली. दारात बाबा. पायजमा, सदरा, अनवाणी. डाव्या हाताचा पंजा भिंतीवर टेकवलेला. ते वरून भिंतीला हात लावत, मजला उतरून, कठड्यावरून, चौकटीवरून कंपनाचा माग काढत आले होते. कुणाकडे न बघता ते आत शिरले. पंजा भिंतीवरून खांबावर, खांबावरून कपाटाच्या कडेवर गेला. तिथे थांबला. बाबांनी डोळे मिटले. मग ते गुडघ्यांवर बसले, कपाटाचे चारी पाय एकेक करून बोटांनी चाचपले आणि वर बघून, इंजिनखोलीत बोलायचे तेवढ्या आवाजात ओरडले:

"डावा मागचा! अधांतरी आहे! वरच्या पेटीला उगाच बोल लावताय, तिचा सूर एकदम साफ आहे. हे कपाट लंगडं आहे!"

बाबांनी सदऱ्याच्या खिशातून एक जाड, घड्या घातलेला कागद काढला, कपाट खांद्याने जरा उचललं आणि कागद पायाखाली सरकवला.

किणकिण थांबली. वरून चाळीस हर्ट्झ चालूच होता, फरशीतून तळपायांना गुदगुल्या होत होत्या, पण कपबशा गप्प, बाहुल्या गप्प, तिन्ही चषक गप्प.

"अग्गोबाई," वहिनी म्हणाल्या. "गेला की आवाज."

"गेला नाही," निरीक्षक यंत्राकडे बघत म्हणाला. "आकडा तोच आहे."

"आकडा ठेवा तुमच्याकडे. मला त्रास कपाटाचा होता. माझी तक्रार मागे."

"पण मी शाईने लिहिलंय! या बाईंनी सांगितलं म्हणून!"

बाबांनी यातलं काही ऐकलं नव्हतं. ते वहिनींच्या स्वयंपाकघराच्या दाराशी उभे होते, पंजा चौकटीवर. "तुमच्या फ्रिजचं यंत्रही सैल बसलंय," ते ओरडले. "पाना आहे का?"

वहिनींनी मान डोलावली, आणि जरा वेळाने, कुणीही न सांगता, त्यांच्या तोंडासमोर येऊन एकेक शब्द सुटा करत विचारलं, "चहा, घेणार, का, काका?"

"दोन चमचे साखर," बाबा म्हणाले. 'हो हो' नव्हे. बाईंनी नोंद घेतली.

पुढच्या आठवड्यात नगरपालिकेचं पत्र आलं. तक्रारदाराने तक्रार मागे घेतली असली तरी नोंदलेला आकडा मर्यादेबाहेर असल्यामुळे पेटी हलवण्यात यावी. आकड्याच्या अचूकतेबद्दल शंका असल्यास सोबतचं तपासणी-प्रमाणपत्र पाहावं. प्रमाणपत्रावर सही काटेबाईंची. त्यांनी ते दोनदा तपासलं. बिनचूक होतं. नवऱ्याने त्याची चौकट करून भिंतीवर लावू का, असं विचारलं आणि उत्तर मिळायच्या आत शाळेत निघून गेला.

पेट्या तिन्ही परत गेल्या. दुकानदाराने त्या घेताना कुठली आवडली हे विचारलं नाही. सूज्ञ माणूस.

आणि हॉलमधली खुर्ची? ती रिकामीच राहिली. बाबांना वेळ होता कुठे? दुसऱ्या मजल्यावरचं कपडे धुण्याचं यंत्र चालताना दाराकडे सरकायचं, सेक्रेटरींचा पंखा चौथ्या वेगाला कण्हायचा, गच्चीवरच्या पाण्याच्या पंपाला तर बाबांनी चक्क दत्तक घेतलं. लोक येऊन त्यांच्या खांद्याला हात लावत, बोटाने दिशा दाखवत, आणि बाबा पंजा पुढे करून निघत. तिथे कुणाला ओरडावं लागत नव्हतं, कारण बोलायचं काही नव्हतंच. कानांचं यंत्र मात्र खणातून बाहेर आलं, ते पंपाजवळ घालायचं नाही अशा अटीवर.

महिना उलटून गेल्यावर एका संध्याकाळी बाबा हात पुसत हॉलमधून चालले होते, तेव्हा बाईंनी त्यांना थांबवलं. गप्प बसता आलं असतं. पण सवय.

"बाबा, तो फॉर्म. विश्रामगृहाचा. तो मी..." त्यांनी हातातली पेन्सिल खाली ठेवली. "तो मी नीट शोधला नाही."

"कोणता? तो पिवळा? अगं, तो तर त्याच दिवशी सापडला मला, आपल्या कपाटाखाली. म्हटलं, हे पोरीचं काम." बाबा हसले. "तो खालच्या कपाटाच्या पायाखाली आहे. तीन घड्या घातल्या, बरोबर माप बसलं. कागद चांगला जाड आहे."

"मग... दुसरा मागवायचा का?"

हा प्रश्न विचारण्याची काहीही गरज नव्हती. पण अर्धवट नोंद बाईंच्याने सोडवत नाही.

बाबांनी जरा विचार केला. "ते कपाट पुन्हा हललं, तर बघू," ते म्हणाले आणि पाना घेऊन गच्चीकडे निघाले.

तेव्हापासून काटेबाई दर रविवारी काहीतरी निमित्त काढून खालच्या वहिनींकडे जातात. कधी पेपर मागायला, कधी परत द्यायला. बोलता बोलता एक बोट काचेच्या कपाटावर ठेवतात आणि हळूच दाबून पाहतात. चौदाव्या रकान्यात नोंद असते. तारीख, वार, आणि पुढे एकच शब्द: स्थिर.